नेल स्टिकर टिकत नाहीत, काढताना नखांचे पापुद्रे निघतात: कुठले घ्यायचे, कसे लावायचे, कसे काढायचे

तुम्ही विचारलंय की ऑनलाइन दहा शीटचा सेट मागवला, डिझाईन छान आहेत पण दोन-तीन दिवसांत कडा उचलल्या जातात, त्यात केस अडकतात, आणि ओढून काढले की नखांचे पापुद्रे निघतात. पुढच्या महिन्यात नणंदेचं लग्न आहे तर कुठले घेऊ, लॅम्पवाले जेल स्टिकर चांगले का, आणि नऊ वर्षांची मुलगी मागे लागलीये तिला लावले तर चालतील का. मी पार्लरमध्ये नखांचंच काम करते आणि लग्नाच्या सीझनला घरी जाऊनही करते, स्टिकर लावून हैराण झालेल्या बायका सतत येत असतात, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

सगळ्यात आधी, आत्ता नखांवर जे उरलेत ते ओढू नका. पापुद्रे स्टिकर लावल्यामुळे निघत नाहीत, ओढल्यामुळे निघतात. नख म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाच्या चपट्या पेशींचे थरावर थर असतात, स्टिकरचा गोंद सगळ्यात वरच्या थराला धरून बसतो, आणि कोरड्या नखावर टोकाकडून धरून खसकन ओढलं की गोंद सुटायच्या आधी तो थरच सुटून येतो. टोकाकडचे थर आधीच सुटे व्हायला आलेले असतात म्हणून तिकडून ओढलं की नुकसान जास्त. तर काय करायचं, वाटीत थोडं खोबरेल तेल कोमट करा, बोटांची टोकं त्यात पाच-दहा मिनिटं बुडवून बसा, मग लाकडी काडीने, म्हणजे ती नखांची ऑरेंज स्टिक मिळते ना ती, नाहीतर आइस्क्रीमची काडी फाईलने घासून पातळ करून घ्या, तिने बाजूच्या कडेखाली तेल सरकवत जा. मुळाच्या बाजूने टोकाकडे हळूहळू गुंडाळत आणायचं. कुठे अडलं की थांबा, परत तेल सोडा, मिनिटभर थांबून पुढे. लोखंडी पुशर किंवा सेफ्टी पिन अजिबात नको, तिने नखावर चरे पडतात आणि पुढचा स्टिकर त्या चऱ्यांवर बसत नाही. मागे चिकट राहिलं तर स्पिरीटच्या कापसाने पुसा.

हे झालं प्लास्टिकच्या स्टिकरचं, आणि तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे तेच आहेत. बाजारात ‘नेल स्टिकर’ या एकाच नावाने तीन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि लावायची, काढायची पद्धत तिघांची वेगळी, सगळा घोळ तिथेच होतो.

एक म्हणजे हे प्लास्टिकचे, पीव्हीसी किंवा पीईटीची पातळ फिल्म आणि खाली गोंद. साध्या पारदर्शक पिशवीत येतात, उघडे राहिले तरी काही होत नाही, आणि बोटांत धरून ताणलं तर फारसे ताणले जात नाहीत. तुळशीबागेत, क्रॉफर्ड मार्केटला, ऑनलाइन स्वस्तात जे मिळतात ते बहुतेक हेच. दुसरे म्हणजे खऱ्या नेलपेंटचे स्ट्रिप्स, म्हणजे नेलपेंटच आधी पसरून अर्धवट वाळवून त्याची पट्टी केलेली. हे सीलबंद पाकिटात येतात, फोडलं की नेलपेंटचा वास येतो, बोटांत मऊ लागतात आणि छान ताणले जातात. अमेरिकेतल्या कलर स्ट्रीटची पाकिटं नात्यातल्या कोणाकोणाकडून मागवतात ना, ती ही, एका पाकिटात १६ पट्ट्या आणि दोन्ही टोकं वापरता येतात. नखं छोटी असतील तर एकच पट्टी मधून कापून दोन बोटांना होते. पण पाकीट फोडलं की त्या हवेने वाळायला लागतात, कडक झाल्या की चिकटत नाहीत आणि तुटतात, म्हणून फोडलं की त्याच बैठकीत लावायच्या, उरलेल्या झिप पाऊचमध्ये हवा काढून ठेवल्या तर थोडे दिवस जातात पण त्यावर फार विसंबू नका. तिसरे ते अर्धवट क्युअर केलेले, म्हणजे लॅम्पच्या उजेडाने अर्धेच कडक केलेले जेल स्टिकर, दक्षिण कोरियातल्या ओहोरासारख्या ब्रँडनी ते सगळीकडे पोचवले. जाड, मऊ, चकचकीत, काळ्या नाहीतर चंदेरी पाकिटात येतात कारण उजेडाने ते आपोआप कडक होतात, आणि लावल्यावर यूव्ही लॅम्पखाली हात धरावा लागतो. बाकी नुसती फुलं-पानं-टिकल्यांची छोटी चित्रं असतात किंवा पाण्यात भिजवून सरकवायचे डेकल्स, ते नेलपेंटवर लावून वरून टॉप कोट द्यायचा असतो, ते तुमच्या प्रश्नातले नाहीत म्हणून सोडून देते.

आता कुठले घ्यायचे. बायका डिझाईन बघून घेतात. डिझाईन शेवटी बघा. आधी आपलं नख समोरून बघा, बोटाच्या टोकाकडून डोळ्यांसमोर धरून, सपाट आहे का कमानीसारखं वळलेलं आहे. सपाट असेल तर प्लास्टिकचेही मस्त बसतात. वळलेलं असेल तर नाही बसत, चेंडूवर कागद चिकटवला की चुणी पडतेच तसं होतं, मधे चिकटलेला दिसतो पण दोन्ही बाजूंना तो सरळ व्हायला ओढत राहतो आणि दुसऱ्या दिवशी कड वर. दोष गोंदाचा नसतो, फिल्म ताणली जात नाही हा असतो. अशा नखांना नेलपेंटच्या स्ट्रिप्स किंवा जेल, कारण दोन्ही ताणून वळणावर बसवता येतात. बऱ्याच जणींची करंगळी आणि अंगठा वळलेले आणि मधली तीन सपाट असतात, त्यांनी मधल्या तीन बोटांना डिझाईनचे स्टिकर आणि बाकी दोन बोटांना त्याच रंगाचं साधं नेलपेंट लावलं तर कोणाला कळतही नाही, उलट मुद्दाम केल्यासारखं छान दिसतं.

मग माप. स्वस्त शीटवर १२ ते १४ तुकडे असतात आणि मापं बहुतेक अरुंद हातांची असतात, अंगठ्याचं हमखास कमी पडतं. घरबसल्या मोजायचं तर नखावर पारदर्शक सेलोटेप आडवी लावा, नखाच्या दोन्ही कडांवर पेनने खूण करा, टेप काढून पट्टीवर चिकटवा आणि मिलिमीटर वाचा. वळलेलं नख असं टेपनेच मोजायचं, वरून पट्टी धरली तर माप कमी येतं. पाचही बोटांचं लिहून ठेवा, दोन्ही हातांचं, कारण उजव्या-डाव्या हाताच्या नखांत फरक असतो. विकणाऱ्याने तुकड्यांची मापं दिली नसतील तर सरळ विचारा, सांगता येत नसेल तर दुसरीकडे बघा.

दोन मापांच्या मधलं नख असेल तर लहान माप घ्यायचं. हे मला सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण मनाला वाटतं की पूर्ण नख झाकलं पाहिजे. नाही. स्टिकर आणि बाजूची कातडी यात केसाएवढी जागा मोकळी हवी, मुळाशी तर चांगली एक मिलिमीटर. कातडी सतत हलते, घामट असते, तेलकट असते, स्टिकरची कड तिच्यावर चढली की त्या जागेतून पाणी आत जातं आणि मग तुम्ही काहीही करा, तो सुटणार. तुमचे कडेने सुटतायत त्यातले निम्मे तरी यामुळेच असणार. आणि ती मोकळी जागा दुरून दिसत नाही.

दुसरं कारण म्हणजे नख स्वच्छ नसणं, आणि स्वच्छ म्हणजे साबणाने धुतलेलं असं नाही. उलट नुकतं धुतलेलं नख स्टिकरसाठी वाईट, कारण नख पाणी पितं, किंचित फुगतं, तुम्ही त्यावर स्टिकर लावला आणि तासाभराने नख वाळून आक्रसलं की गोंदाची पकड सैल होते. आंघोळ किंवा भांडी झाल्यावर किमान तासभर जाऊ द्या. पार्लरमध्ये मॅनिक्युअरला हात भिजवतात म्हणून घरीही आधी भिजवून घेतात बऱ्याच जणी, स्टिकर लावायचा असेल तर ते नको. नखाच्या मुळाशी एक पातळ पारदर्शक कातडीचा पापुद्रा नखावर चढलेला असतो, तो लाकडी काडीने हलकेच मागे सारा, नखावर चिकटलेला असेल तेवढा खरवडून काढा, पण त्यामागची जिवंत कातडी कापू नका, तीच नखाच्या मुळात जंतू जाऊ देत नाही. ज्यांना डायबिटीस आहे त्यांनी तर तिथे काहीच कापू नये. मग नखावर कापसाने स्पिरीट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, ते नसेल तर साधा असिटोनवाला रिमूव्हर, प्रत्येक नखाला कापसाची नवी बाजू. सॅनिटायझर नको हां, त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून बहुतेक वेळा ग्लिसरीन घातलेलं असतं आणि ते नखावर राहतं. तसंच ‘मॉइश्चरायझिंग’ लिहिलेला रिमूव्हरही नको, त्यातल्या तेलाचा थर राहतो.

तुमची नखं आत्ता सोलली गेलीत म्हणून तुमच्यासाठी एक जादा पायरी. प्लास्टिकचा स्टिकर लावायच्या आधी साध्या पारदर्शक बेस कोटचा एकच पातळ हात द्या आणि तो पूर्ण वाळू द्या, मी तर म्हणेन आदल्या रात्री लावून ठेवा. मग काढताना गोंद बेस कोटला ओढतो, नखाला नाही. अर्धवट ओल्या बेस कोटवर स्टिकर लावला तर मात्र बुडबुडे येतात आणि सगळा सरकतो.

लावताना हात आधी कोरडे हवेत, आणि थंड नकोत. पुण्या-नाशकाकडे डिसेंबर-जानेवारीत स्टिकर कडक होतात, तेव्हा हेअर ड्रायरने चार-पाच सेकंद लांबून गरम करा की मऊ होऊन वळणावर बसतात. हे प्लास्टिकच्या स्टिकरला वर्षभर केलं तरी चालतं, नुसतं नखाला चटका बसेल एवढं जवळ नको. स्टिकरला बोटाने मागून हात लावू नका, चिमट्याने उचला, गोल बाजू मुळाकडे, एक मिलिमीटर जागा सोडून ठेवा आणि आधी फक्त मधली उभी रेघ दाबा, मुळापासून टोकापर्यंत. मग मधून डावीकडे, मधून उजवीकडे. बाजूंना आधी दाबलं की हवा मधे अडकते. जिथे वळण आहे तिथे अंगठ्याने किंचित ताणून धरून दहा सेकंद दाबून ठेवा. स्टिकरचा गोंद दाबाने चिकटणारा असतो, जेवढा दाब आणि जेवढा वेळ तेवढी पकड, आणि पहिल्या दिवशी ती तासातासाने वाढत जाते, त्यामुळे दाबायला कंटाळायचं नाही. दोन्ही अंगठे शेवटी करा कारण बाकीच्या बोटांचं दाबायचं काम तेच करतात.

टोकाला जास्तीचा भाग कात्रीने कापायचा, पण नखाच्या अगदी बरोबरीने नाही, थोडा ठेवून, आणि मग फाईल वरून खाली, एकाच दिशेने. मागे-पुढे घासलं की कड फाटते आणि वर वळते. फाईल बारीक घ्या, २४० ग्रिटची, ती लोखंडी फाईल नको. आता टोकाच्या कडेवर, फक्त कडेवर, पारदर्शक नेलपेंटचा एक बारीक हात फिरवा. पूर्ण स्टिकरवर टॉप कोट द्यायचा का असं सगळ्या विचारतात. नेलपेंटच्या स्ट्रिप्सवर दिला तर चालतो. प्लास्टिकवर मी देत नाही, कारण टॉप कोट वाळताना आक्रसतो आणि कडा आपल्याबरोबर वर ओढतो, शिवाय त्यातल्या सॉल्व्हंटने काही स्वस्त फिल्मना सुरकुत्या पडतात. टोक सील करायला मात्र हवंच, पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं.

वेळ रात्रीची निवडा. जेवणं, भांडी, ओटा सगळं आवरल्यावर लावा आणि झोपा, म्हणजे सात-आठ तास पाण्यात हात जात नाही. सकाळी लावून लगेच कणीक मळायला घेतलीत तर दहातले चार त्याच दिवशी उठतील. आणि सगळ्यात मोठा शत्रू पाणी नाही, तेल आहे. वरती काढायला आपण तेलच वापरलं ना, मग रोजच्या कामातलं तेलही तेच करणार. डोक्याला तेल लावताना आपण बोटांची टोकं केसांत घालून चोळतो, एका चंपीत स्टिकरची मुळाकडची कड सैल होते. स्टिकर लावायच्या आदल्या दिवशी केसांना तेल लावून घ्या, मधे लावायचंच असेल तर कापसाच्या बोळ्याने. उकडीच्या मोदकांचं तर विचारूच नका, गरम उकड, तेल-पाण्याचा हात आणि वर बोटांच्या चिमटीने पाकळ्या काढायच्या, म्हणजे उष्णता, तेल आणि दाब तिन्ही एकदम. गणपतीत स्टिकर लावायचे असतील तर मोदक वळून झाल्यावर. भांड्यांना रबरी हातमोजे, आणि लसूण सोलणं, मटार सोलणं, डब्याची झाकणं उघडणं या कामांना नखाचं टोक वापरायची सवय असते आपल्याला, ती स्टिकर असेपर्यंत बोटांच्या पेरांवर आणायची.

हळदीचं वेगळं सांगते कारण ते कुठल्याच पाकिटावर लिहिलेलं नसतं. हळदीतला पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतो, म्हणून फोडणीतल्या तेलाबरोबर तो स्टिकरमध्ये मुरतो आणि साबणाने जात नाही, उलट साबणाने लालसर होतो. पांढरे, बेबी पिंक, न्यूड, आणि विशेषतः मॅट फिनिशचे स्टिकर एका भाजीत पिवळे पडतात. रोज स्वयंपाक करणारीने गडद किंवा भरगच्च डिझाईनचे, आणि ग्लॉसीच घ्यावेत. डाग पडला तर लगेच स्पिरीटच्या कापसाने एकदा हलकं पुसा, प्लास्टिक आणि जेलवर चालतं, नेलपेंटच्या स्ट्रिप्सवर जपून, चमक जाऊ शकते. थोडा राहिलाच तर उन्हाने हळदीचा रंग आपोआप फिका होत जातो.

आता नणंदेचं लग्न. क्रम चुकला की पैसे पाण्यात. आधी मेंदी, मग हळद, मग स्टिकर. मेंदी आधी अशासाठी की मेंदी खरवडल्यावर आपण हाताला तेल लावतो, वर पाणी टाळतो, आणि मेंदीचा रंग फिकट स्टिकरच्या कडांनाही धरतो. हळदीला तर तेलात कालवलेली हळद हातांना चोळतातच, नवरीच्या आणि घरातल्या सगळ्यांच्या. म्हणून हळदीच्या रात्री सगळं आटोपल्यावर स्पिरीटने नखं दोनदा पुसून स्टिकर लावायचे, दुसऱ्या दिवशी अक्षतांना हात सुंदर. मेंदीने नखं केशरी झाली असतील तर पारदर्शक किंवा जाळीच्या डिझाईनमधून ते दिसतं, मरून, गडद हिरवा, सोनेरी असा अपारदर्शक रंग घ्या. हिरव्या चुड्यावर सोनेरी बारीक नक्षीचे फार खुलतात, माझं वैयक्तिक मत. आणि लांब कृत्रिम नखं, ती प्रेस-ऑन, पारदर्शक चिकट टॅबने बसवायची असतील तर एका संध्याकाळच्या रिसेप्शनपुरती ठीक, पंगतीत वाढायला किंवा लहान मूल सांभाळायला ती नकोत.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा, या आठवड्यात तेलाने सगळे काढा, नखं आखूड करा म्हणजे सोललेला टोकाचा भाग बराचसा निघून जाईल, आणि दोन-तीन आठवडे काहीही चिकटवू नका. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे लग्नापर्यंत टोकाकडचा बराच खराब भाग कापला गेलेला असेल, मधला राहिला तर त्यावर बेस कोट. रोज रात्री नखांना आणि मुळाशी खोबरेल किंवा बदाम तेल. बफरने घासून गुळगुळीत करायचा मोह होईल, करू नका, आधीच पातळ झालेलं नख आणखी पातळ होतं. काही जणी म्हणतात नखांना श्वास घेऊ द्यावा म्हणून मधे सुट्टी द्यायची, नखाचा दिसणारा भाग मृत केराटिनचा असतो, तो श्वास वगैरे घेत नाही, त्याचं पोषण मुळाशी रक्तातून होतं. सुट्टी द्यायची ती सोललेला भाग वाढून निघून जावा आणि खाली काय चाललंय ते आपल्याला दिसावं म्हणून. लग्नाच्या आठवडाभर आधी दोन बोटांवर ट्रायल घ्या. लग्नासाठी नेलपेंटच्या स्ट्रिप्स घ्या असंच मी म्हणेन, रिमूव्हरने विरघळून निघतात, ओढाओढ नाही. फक्त रिमूव्हरचं काम गॅसजवळ किंवा देवापुढच्या निरांजनाजवळ करू नका, असिटोन भयंकर पेट घेतं.

जेलवाल्यांबद्दल. ते जास्त टिकतात, दिसायला पार्लरच्या जेलसारखे, वळलेल्या नखावर उत्तम बसतात. पण त्यात अ‍ॅक्रिलेट प्रकारची रसायनं असतात, आणि ती अर्धवट कच्ची असताना कातडीला वारंवार लागली तर कायमची अ‍ॅलर्जी होऊ शकते. बोटांना खाज, लाली, बारीक फोड, कधी डोळ्यांच्या पापण्या सुजतात कारण आपण हाताने चेहऱ्याला स्पर्श करतो. एकदा झाली की आयुष्यभर राहते आणि पुढे दाताच्या कामातल्या काही मटेरियलनाही त्रास होऊ शकतो, म्हणून मी याला हलक्यात घेत नाही. युरोपियन युनियनमध्ये हेमा नावाचं असं एक रसायन असलेली नखांची उत्पादनं फक्त प्रोफेशनल वापरासाठीच ठेवलीत, आणि टीपीओ नावाचं जेल क्युअर करणारं दुसरं रसायन १ सप्टेंबर २०२५ पासून कॉस्मेटिकमध्ये बंदच केलंय. म्हणून जेल घ्यायचे तर घटकांची यादी छापलेलेच घ्या, त्यात ही दोन नावं नाहीत ना बघा, आणि आपल्याकडे आयात कॉस्मेटिकवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक छापलेला असावा लागतो तोही बघा. नुसत्या परदेशी अक्षरांचं पाकीट, यादी नाही, पत्ता नाही, तर कितीही सुंदर असो, नको. लॅम्प त्याच ब्रँडचा किंवा त्यांनी सांगितलेल्या ताकदीचा, सांगितला तेवढा वेळ पूर्ण. कमी शक्तीच्या छोट्या लॅम्पखाली वरून कडक लागतो पण आत कच्चा राहतो. जास्तीचा भाग क्युअर करायच्या आधी कापायचा, फाईल क्युअर झाल्यावर, आणि तो भुगा लगेच पुसून टाकायचा. लॅम्पखाली हात धरायच्या आधी हाताला सनस्क्रीन किंवा बोटांची टोकं कापलेले हातमोजे, पण सनस्क्रीन नखाला लागू देऊ नका नाहीतर स्टिकर चिकटणार नाही. काढताना कडेखाली तेल किंवा त्यासाठीचा रिमूव्हर सोडून लाकडी काडीने, घाई न करता. तुमची नखं सोललेली असेपर्यंत जेल नकोच.

अजून थोडं. एखादी कड उचलली गेली तर परत दाबून बसवू नका, तिथे धूळ आणि ओल गेलेली असते, तेवढीच कापून फाईल करा, अर्धा सुटला असेल तर पूर्ण काढा. फेव्हिक्विक तर अजिबात नको, कातडी चिकटते आणि कापसाला लागलं तर एवढं तापतं की भाजू शकतं. सुटलेल्या स्टिकरखाली पाणी साचून राहिलं तर नखावर हिरवट डाग येतो, तो सुडोमोनास नावाच्या जंतूचा, दिसला की सगळं काढा, नख कोरडं ठेवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, वरून नवा स्टिकर लावून झाकू नका. पिवळं-जाड झालेलं, बुरशीचं वाटणारं नखही झाकू नये. नर्सिंगमध्ये किंवा खाद्यपदार्थांच्या कामात असाल तर ड्युटीला नखं साधी आणि आखूडच ठेवा. ऑपरेशन किंवा डिलिव्हरीची तारीख असेल तर आधी सगळे काढून जा, बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावतात त्याला अडथळा येऊ शकतो. नमाजाआधी वजू, म्हणजे हात-तोंड-पाय पाण्याने धुणं, करणाऱ्या मैत्रिणी मला विचारतात, त्यांना मी प्लास्टिकचेच सांगते कारण पाणी नखापर्यंत पोचायला स्टिकर काढावाच लागतो आणि हे तेलाने लवकर निघतात.

पायांना लावणार असाल तर तिथे हाच स्वस्त प्लास्टिकचा सेट वापरून टाका, फेकू नका. पायाचं नख हाताच्या साधारण निम्म्या वेगाने वाढतं, अंगठा सपाट असतो, तेलात हात जातात तसे पाय जात नाहीत, त्यामुळे तिथे खूप टिकतात. पावसाळ्यात ओले बूट घालून दिवसभर फिरायचं असेल तेव्हा मात्र नको.

आणि मुलगी. नऊ वर्षांच्या मुलीला जेल आणि लॅम्प नाही, तीव्र वासाच्या नेलपेंट स्ट्रिप्सही नाहीत. प्लास्टिकचे लहान मुलांच्या मापाचे मिळतात, ते एक-दोन बोटांना, एखाद्या समारंभापुरते, रात्री झोपताना तेलाने तुम्ही स्वतः काढायचे. नखं खायची सवय असेल तर तेही नको, तुकडा पोटात जातो. शाळेत चालत नसेलच, त्यामुळे शनिवारी लावून रविवारी काढलेत तर तिचीही हौस होईल.